गाणं अर्धवट सोडणारा गायक

लुईस कपाल्डी हे नाव मला माझ्या मुलीकडून कळलं. स्कॉटलंडमधला, ग्लासगोत जन्मलेला, लहान वयातच पबमध्ये गायला लागलेला मुलगा. २०१९ मध्ये त्याचं 'समवन यू लव्हड' ब्रिटनमध्ये सात आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिलं, पुढे अमेरिकेतही पहिलं आलं. इंग्रजी पॉपमधलं मला फारसं कळत नाही, पण हा आवाज काळीज हलवतो.

२०२२ मध्ये त्याने स्वतःहून सांगितलं की आपल्याला टुरेट सिंड्रोम आहे. यात खांदा, मान, डोळे आपोआप उडतात. थोडा वेळ दाबून ठेवता येतं, पण त्यात माणूस पार थकून जातो. ताण वाढला की झटकेही वाढतात.

जून २०२३ मध्ये ग्लास्टनबरीच्या मोठ्या रंगमंचावर त्याचा आवाज बसला, झटके थांबेनात. तेच गाणं शेवटी समोरच्या हजारो लोकांनी गाऊन पूर्ण केलं. तो व्हिडिओ जगभर फिरला. सगळे म्हणाले, काय हिंमत! मला मात्र खरी हिंमत नंतरची वाटते. तीनच दिवसांनी त्याने पुढचे कार्यक्रम रद्द केले आणि विश्रांती घेतली. नवा अल्बम नुकताच आला होता, भरात असलेलं करिअर होतं. अशा वेळी 'मला जमत नाहीये' म्हणायला काय लागतं, हे आपल्याकडे कुणाला विचारावं? आपण तर तापातही हजेरी लावणाऱ्याला बक्षीस देतो.

हे लिहायचं कारण वेगळंच आहे. काही वर्षांपूर्वी माझ्या वर्गात एक मुलगा होता. सतत डोळे मिचकवायचा, खांदा उडवायचा. मी त्याला दोनदा बाकावर उभं केलं. त्याची अम्मी येऊन म्हणाली, "सर, तो मुद्दाम नाही हो करत." मोहल्ल्यात कुणी नजर लागली म्हणे, कुणी असर. मी बी.एड. झालेला माणूस, मी म्हणालो, शिस्त नाही. त्याला टुरेट होता की आणखी काही, ते डॉक्टरने सांगायचं होतं. मी डॉक्टरांचं नावही काढलं नाही.

कपाल्डी जून २०२५ मध्ये त्याच रंगमंचावर परतला आणि तेच गाणं स्वतः पूर्ण गायला. मुलीने मला मोबाइलवर दाखवलं. खांदा तेव्हाही उडत असेल तर असो, मी तिकडे पाहिलंच नाही.

त्या मुलाने आठवीनंतर शाळा बदलली. कुठल्या शाळेत गेला, हे मी विचारलं नव्हतं.