बारावीचे वजन

महाराष्ट्रात अभियांत्रिकीला जायचे असेल, तर बारावीत किती गुण पडले याला आज फारसा अर्थ उरलेला नाही. ठरलेल्या विषयांत मिळून खुल्या प्रवर्गाला 45 टक्के आणि राखीव प्रवर्गाला 40 टक्के मिळाले की पात्रतेची अट पूर्ण होते. त्यापुढे राज्याच्या कोट्यातली केंद्रीय प्रवेश प्रक्रियेच्या (कॅप) फेरीतली जागा ठरते ती सीईटी या सामाईक प्रवेश परीक्षेच्या पर्सेंटाईलवर. दीडशे प्रश्न, तीन तास आणि प्रत्येक प्रश्नाला चार पर्याय. या तीन तासांत जो 99 च्या वर गेला त्याच्यासमोर पुण्या-मुंबईच्या नामवंत कॉलेजांचे दार उघडते. ज्या मुलीने दोन वर्षे नेमाने अभ्यास करून बारावीत 92 टक्के मिळवले, पण सीईटीच्या दिवशी जिची लय बिघडली, तिच्या 92 टक्क्यांना प्रवेशाच्या वेळी 45 टक्क्यांइतकीच किंमत येते. ही पद्धत न्याय्य आहे असे मानणारे पुष्कळ आहेत आणि त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे. तरीही बारावीचे गुण प्रवेशात पुन्हा धरले पाहिजेत, असे माझे ठाम मत आहे. बारावीची परीक्षा सीईटीहून सरस आहे, असा माझा दावा नाही. प्रवेशासाठी जे मोजले जाते तेच शिकवले जाते, आणि जे मोजणे थांबते ते शिकवणेही हळूहळू थांबते, एवढेच मला म्हणायचे आहे.

आपल्या कनिष्ठ महाविद्यालयांचे काय झाले ते पाहा. विज्ञान शाखेचा अकरावीचा प्रवेश अनेक ठिकाणी आता कॉलेज बघून होत नाही, ते कोणत्या क्लासशी जोडलेले आहे ते बघून होतो. ‘टायअप’, ‘इंटिग्रेटेड’ हे शब्द पालकांच्या तोंडी इतके रुळले आहेत की त्यात काही वावगे आहे असे कुणाला वाटेनासे झाले आहे. मुलाचे नाव एका कॉलेजच्या पटावर असते आणि मूल दिवसभर क्लासमध्ये असते. प्रयोगशाळेचे कुलूप प्रॅक्टिकल परीक्षेच्या तोंडावर उघडते, जर्नल एकमेकांचे बघून उतरवले जाते आणि 30 पैकी 27-28 गुण सरसकट दिले जातात. राज्य सरकारने 2018 मध्ये विज्ञान शाखेच्या कनिष्ठ महाविद्यालयांना बायोमेट्रिक हजेरीचा आदेश काढला तो हेच थांबवण्यासाठी. पण हजेरी यंत्रावर घ्या नाही तर वहीत, ज्या वर्गात शिकून प्रवेशाला काडीचा उपयोग होत नाही त्या वर्गात सतरा वर्षांचे मूल का बसेल? त्याचे आईबाप तरी त्याला तिथे का बसवतील? यात त्यांचा दोष नाही, नियमच त्यांना तिकडे ढकलतो. सर्वात मोठे नुकसान होते ते क्लासची लाखाच्या घरातली फी न परवडणाऱ्या मुलांचे. त्यांच्यासाठी कॉलेजातला मास्तर हाच एकमेव शिकवणारा होता. त्या मास्तरासमोरचे बाक रिकामे झाले की त्याचाही शिकवण्यातला जीव जातो आणि मागे उरलेल्या दहा-पंधरा मुलांना धड क्लास नाही की धड कॉलेज नाही.

मग सीईटी काढून टाकावी का? तामिळनाडूने तो प्रयोग केला आहे. तिथल्या सरकारने 2006-07 च्या सुमारास अभियांत्रिकीची प्रवेश परीक्षा रद्द केली आणि बारावीच्या गुणांवर प्रवेश सुरू केले : गणिताचे 100, भौतिक आणि रसायनाचे प्रत्येकी 50, मिळून 200. खेड्यातल्या, तमिळ माध्यमाच्या मुलांना क्लासच्या जाचातून सोडवावे हा त्यामागचा हेतू चांगलाच होता. पण नामक्कल आणि आसपासच्या खासगी निवासी शाळांनी लगेच नवा हिशोब मांडला. प्रवेशात अकरावी मोजली जात नाही ना, मग अकरावीचा अभ्यासक्रम गुंडाळायचा आणि बारावीचेच पुस्तक दोन वर्षे घोटून घ्यायचे. पुस्तकातले प्रश्न आणि त्यांची उत्तरे मुलांना ओळीन्‌ओळ पाठ. हे इतके फोफावले की 2017-18 मध्ये तिथे अकरावीलाही सार्वजनिक परीक्षा लावावी लागली. महाराष्ट्रात एका परीक्षेने कॉलेज खाल्ले, तामिळनाडूत दुसऱ्या परीक्षेने अकरावी खाल्ली. कोणतीही एकच मोजपट्टी ठेवली की तिच्याबाहेरचे सगळे शिक्षण मरते, ही गोष्ट या दोन राज्यांकडे पाहून मला निर्विवाद वाटते.

बारावीच्या गुणांविरुद्धचा सर्वात जोरदार आक्षेप असा की ते विश्वासार्ह नाहीत. हा आक्षेप मी हलका मानत नाही. दिल्ली विद्यापीठात 2021 साली काही महाविद्यालयांच्या काही अभ्यासक्रमांचा पहिला कट-ऑफ 100 टक्क्यांवर गेला. वेगवेगळ्या मंडळांनी हात सैल सोडून वाटलेल्या गुणांची तुलना कशी करायची हा प्रश्न तिथे असा काही पेटला की पुढच्याच वर्षी सीयूईटी ही सामाईक परीक्षा आली. आपल्याकडे त्याच 2021 मध्ये करोनामुळे बारावीची परीक्षा झालीच नाही. दहावी, अकरावी आणि बारावीच्या अंतर्गत गुणांचा 30:30:40 असा मेळ घालून निकाल लावला गेला आणि तो 99.63 टक्के लागला. लेखी परीक्षा होते तेव्हाही दर फेब्रुवारी-मार्चमध्ये कॉपीमुक्त अभियान राबवावे लागते, भरारी पथके फिरवावी लागतात. अशा गुणांवर एखाद्याचे आयुष्य ठरवू नये, असे म्हणणाऱ्याला मी कोणत्या तोंडाने चूक म्हणू? गुण हे आकडे म्हणून कच्चे आहेत, हे मान्यच करायला हवे.

मात्र सामाईक परीक्षा म्हणजे शुद्ध सोने, हेही खरे नाही. वैद्यकीय प्रवेशाच्या नीट 2024 परीक्षेत 67 जणांना 720 पैकी 720 गुण पडले, 1563 जणांना दिलेले वाढीव गुण मागे घ्यावे लागले, पेपरफुटीचा तपास पाटणा, हजारीबाग असा फिरत लातूरपर्यंत आला. आपल्या सीईटीत 27 एप्रिल 2025 च्या एका सत्रात गणिताच्या 50 पैकी 21 प्रश्नांत चुका निघाल्या आणि त्या सत्रातल्या मुलांना 5 मे रोजी पुन्हा परीक्षेला बसावे लागले. ज्या मुलांचे सर्वस्व त्या एका सत्रावर टांगले होते त्यांनी ते आठ दिवस कसे काढले असतील याचा विचार ही व्यवस्था चालवणाऱ्यांनी करायला हवा.

दोन्ही मोजपट्ट्या नेमके काय मोजतात यावर सर्वाधिक संशोधन अमेरिकेत झाले आहे आणि ते कोणत्याही एका बाजूला सुखाने झोपू देत नाही. शिकागोतल्या सार्वजनिक शाळांच्या विद्यार्थ्यांवरचा 2020 चा अभ्यास सांगतो की मूल पदवी पूर्ण करील की नाही, याचा अंदाज एसीटी या प्रवेश परीक्षेपेक्षा शाळेतल्या चार वर्षांच्या गुणांवरून कितीतरी चांगला येतो. याचे कारण उघड आहे. चार वर्षे वेळेवर गृहपाठ करणे, नावडत्या विषयातही टिकून राहणे, एका चाचणीत पडल्यावर पुढच्या चाचणीला उभे राहणे हे सगळे त्या गुणांत मुरलेले असते. उलट कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या प्राध्यापकांच्या समितीने त्याच वर्षी असा निष्कर्ष काढला की त्यांच्याकडे पहिल्या वर्षातल्या कामगिरीचा अंदाज शाळेतल्या गुणांपेक्षा एसएटी ही प्रवेश परीक्षा अधिक चांगला देते. तरीही विद्यापीठाच्या नियामक मंडळाने ती परीक्षा प्रवेशातून काढली. त्या विद्यापीठाच्या सॅन डिएगो शाखेच्या 2025 च्या अहवालात दिसले की नव्याने आलेल्या दर आठ विद्यार्थ्यांपैकी सुमारे एकाचे गणित हायस्कूलच्या पातळीलाही पोहोचत नव्हते, आणि त्यांतल्या अनेकांना शाळेत गणिताला उत्तम श्रेणी मिळालेली होती. एमआयटीने 2022 मध्ये आणि हार्वर्डने 2024 मध्ये परीक्षेची अट परत आणली. यातून मी एवढेच घेतो की परीक्षा पाया तपासते आणि शाळेतले गुण चिकाटी तपासतात. अभियंता होणाऱ्याला दोन्ही लागतात, आणि आपण त्यातले एकच बघतो.

आता कच्च्या गुणांचे काय करायचे? इथे टेक्सासकडे पाहण्यासारखे आहे. त्या राज्याने 1997 मध्ये कायदा केला की प्रत्येक हायस्कूलमधल्या वरच्या दहा टक्के मुलांना राज्याच्या सरकारी विद्यापीठांत थेट प्रवेश मिळेल. ऑस्टिनच्या मोठ्या विद्यापीठासाठी ती मर्यादा पुढे खाली आणावी लागली, पण तत्त्व तेच राहिले : मुलाचे गुण साऱ्या राज्याशी ताडायचे नाहीत, त्याच छपराखाली, त्याच शिक्षकांकडे शिकलेल्या मुलांशी ताडायचे. या पद्धतीचा आपल्याला एक मोठा फायदा आहे. एखाद्या केंद्रावर सामुदायिक कॉपी झाली तर सगळ्यांचेच गुण वर जातात आणि क्रमांक जवळपास तिथेच राहतात. प्रॅक्टिकलला सगळ्यांना 28 दिले तरी तेच. संस्थेने हात सैल सोडून मुलांचे भले करण्याचा मार्गच त्यामुळे बंद होतो. खरे तर मी प्रॅक्टिकलचे गुण सोडून फक्त लेखी गुणांवरच हा क्रमांक लावावा असे म्हणेन. अहेरी किंवा सुरगाण्यासारख्या दुर्गम भागातल्या कॉलेजात पहिल्या पाचांत येणाऱ्या मुलीने जे मिळवले ते लातूर-पुण्याच्या क्लासमधल्या मुलाच्या पर्सेंटाईलमध्ये कधीच दिसत नाही, आणि ते दिसावे असे मला मनापासून वाटते.

यात पळवाटा निघतील. टेक्सासमध्येही काही कुटुंबांनी क्रमांक वर यावा म्हणून मुलासाठी कमी स्पर्धेची शाळा निवडल्याचे संशोधकांना आढळले. आपल्याकडेही बारावीच्या तोंडावर तालुक्याच्या कॉलेजात नाव घालण्याची टूम निघेल. तिला आवर घालता येतो : अकरावी-बारावी अशी दोन्ही वर्षे एकाच कॉलेजात काढलेल्या मुलालाच तिथला क्रमांक द्यायचा. बारा मुलांच्या वर्गात टक्केवारी काढणे निरर्थक आहे, म्हणून लहान कॉलेजांचा तालुकावार गट करावा लागेल. सीबीएसई आणि राज्य मंडळ यांच्यातल्या फरकाची अडचणही इथे बरीच कमी होते, कारण प्रत्येकाची तुलना घरातच होते. गुणवत्तेचा बळी जाईल असे म्हणणाऱ्यांनी टेक्सासचाच पुढचा अनुभव पाहावा. या कायद्यामुळे आत आलेल्या मुलांचे पदवी पूर्ण करण्याचे प्रमाण वाढले आणि ज्यांची जागा गेली त्यांचे दीर्घकालीन नुकसान झालेले दिसले नाही, असे अर्थशास्त्रज्ञांच्या अभ्यासात आढळले आहे.

राहिला मुलांवरच्या ताणाचा मुद्दा. दोन्ही परीक्षा मोजल्या तर ओझे दुप्पट होईल, असे पालक म्हणतात. पण मुले आजही दोन्ही परीक्षा देतातच. ताण परीक्षांच्या संख्येपेक्षा एकाच परीक्षेवर सगळे पणाला लागण्याने जास्त येतो. सीईटी 2026 पासून दोनदा देण्याची सोय करण्याचे सरकारने ठरवले ते याच जाणिवेतून. तिने एका दिवसाचा धोका कमी होईल, पण मुले कॉलेजात परत येणार नाहीत. उलट क्लासला विकायला आणखी एक बॅच मिळेल.

बारावी आणि प्रवेश परीक्षा दोन्ही मोजण्याची कल्पना आपल्याकडे अगदी नवी नाही. 2014 आणि 2015 या दोन वर्षांत राज्यातले अभियांत्रिकी प्रवेश जेईई मेन ही देशपातळीवरची परीक्षा आणि बारावी यांच्या एकत्रित गुणांवर झाले. एनआयटींसाठीही काही वर्षे बारावीला 40 टक्के वजन होते आणि 2017 पासून ते काढले गेले. मंडळांचे निकाल वेळेवर जमवणे आणि त्यांचे गुण एका पातळीवर आणणे हे देशभरासाठी जिकिरीचे काम होते. एका राज्यासाठी ते तेवढे अवघड नाही, कारण मंडळ आणि सीईटी कक्ष दोन्ही एकाच सरकारच्या हाताखाली आहेत. 2022 मध्ये उच्च व तंत्रशिक्षण मंत्र्यांनी बारावी आणि सीईटीला निम्मे-निम्मे वजन देण्याचे जाहीर केले होते आणि ते अमलात आले नाही. निम्म्याचा आग्रह मी धरणार नाही. कॉलेजातल्या क्रमांकाला 30 टक्के वजन दिले तरी अकरावीचा पहिला तास पुन्हा भरायला लागेल. फक्त ते निकालाच्या तोंडावर जाहीर करू नये. आज जी मुले दहावीत आहेत त्यांच्या अकरावीच्या प्रवेशाआधी शासन निर्णय निघाला पाहिजे, म्हणजे क्लासची फी भरण्यापूर्वी त्यांच्या आईबापांना कळेल की कॉलेजची दोन वर्षे मोजली जाणार आहेत.