पिवळा दिवा विझवणारे हात

2025 च्या जूनमध्ये केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने सर्व नव्या दुचाकींना ए.बी.एस. सक्तीचे करण्याचा मसुदा काढला, आणि विज्ञानवार्तांच्या रकान्यांत नेहमीचा उत्सव झाला. चाक अडकू न देणारे ब्रेक, सेकंदाला अनेकदा दाब सोडणारे झडप, वाचणारे जीव. मोठ्या ट्रक-बसगाड्यांना हेच तंत्र 2015 पासून सक्तीचे झाले, तेव्हाही असेच मथळे आले होते. त्यानंतरच्या दहा वर्षांत त्या यंत्रणेचे काय झाले, हा प्रश्न मात्र बातमीच्या योग्यतेचा ठरला नाही. यंत्र कारखान्याच्या दारातून बाहेर पडले की विज्ञान संपले आणि पुढचे सारे मेस्त्रीचे, अशी आपल्याकडच्या विज्ञानवार्तेची समजूत आहे. ही समजूत चुकीची आहे, आणि तिची किंमत रस्त्यावर मोजली जाते.

उत्तर बंगळूरुत येशवंतपूरच्या बाजार समितीबाहेर पहाटे उभे राहावे. सोलापूर, नाशिक, अहिल्यानगरकडचा कांदा घेऊन आलेले ट्रक रांगेने उभे असतात. किल्ली फिरवल्यावर डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागतो आणि गाडी थोडी चालली की विझतो, हे निरोगी ए.बी.एस.चे लक्षण. काही गाड्यांत हा दिवा सतत जळत असतो. काहींत तो मुळी लागतच नाही, आणि धोक्याची खरी खूण ही दुसरी आहे; कारण सतत जळणारा दिवा निदान खरे बोलत असतो. दिव्याची वायर तोडणे किंवा फ्यूज काढून ठेवणे हे काम दोन मिनिटांचे, चहाच्या पैशांचे. चालकाला रात्री डोळ्यांपुढे दिवा नको असतो, मालकाला पासिंगच्या दिवशी कटकट नको असते. दोघांचीही गरज भागते आणि एका संगणकाचे तोंड बंद होते.

या यंत्रणेत दुरुस्त न होण्यासारखे फारसे काही नाही, म्हणून हा प्रकार अधिक संतापजनक ठरतो. ट्रकच्या हबवर दात्यांचे एक पोलादी कडे असते. जड गाड्यांत बहुधा शंभर दात्यांचे. त्यासमोर चुंबक आणि तारेचे वेटोळे असलेला सेन्सर असतो. दाते समोरून सरकले की वेटोळ्यात प्रत्यावर्ती विद्युतदाब निर्माण होतो. फॅरेडेचा नियम, बारावीच्या पुस्तकातला. ही स्पंदने मोजून नियंत्रक प्रत्येक चाकाचा वेग काढतो, आणि एखादे चाक गाडीपेक्षा फारच लवकर मंदावू लागले तर त्या चाकाच्या ब्रेक चेंबरमधील हवा क्षणभर सोडतो.

बिघाड बहुतेक वेळा याच साखळीच्या पहिल्या कडीत असतो. चाकाचे बेअरिंग बदलताना किंवा ग्रीस भरताना हब काढला जातो, सेन्सर मागे सरकतो, आणि पुन्हा जोडताना तो कोणी पुढे ढकलत नाही. सेन्सर स्प्रिंगच्या बुशीत घट्ट बसवलेला असतो. तो हाताने कड्याला टेकेपर्यंत ढकलायचा, एवढेच. चाक फिरू लागले की कडेच त्याला आवश्यक तेवढे मागे सारते. तरीही दिवा गेला नाही तर साधा मल्टीमीटर घ्यावा. सेन्सरचा रोध साधारण 900 ते 2000 ओहमच्या दरम्यान असावा. चाक उचलून दोन सेकंदांत एक फेरी या गतीने हाताने फिरवले तर किमान 0.2 व्होल्ट प्रत्यावर्ती दाब दिसावा. रोध बरोबर आणि दाब कमी, तर अंतर वाढले आहे, बेअरिंग ढिले आहे किंवा कड्याचे दाते मार खाल्लेले आहेत. रोध अनंत दाखवत असेल तर वायर तुटलेली. ती बहुधा चॅसीला घासूनच तुटते. दुरुस्तीनंतर गाडी जागेवरच उभी ठेवून दिवा विझण्याची वाट पाहणे व्यर्थ असते. चाकांचा वेग वाचायला मिळाल्याखेरीज नियंत्रकाची खात्री पटत नाही. ताशी सहा-सात किलोमीटरपुढे गाडी गेली की दिवा आपोआप विझतो. हे माहीत नसल्यामुळे नीट झालेला सेन्सरही ‘खराब’ ठरवून वायर कापली जाते.

बंगळूरुच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांतून दरवर्षी बाहेर पडणाऱ्या विद्यार्थ्यांपैकी घसरण आणि घर्षण यांचा आलेख काढता येणारे पुष्कळ असतील. घर्षण साधारण दहा ते वीस टक्के घसरणीला कमाल होते, हे त्यांना तोंडपाठ असते. त्यांतील किती जणांनी खऱ्या सेन्सरला मल्टीमीटरची टोके लावली आहेत? उलट जे. सी. रोडवर, कलासिपाळ्यात मल्टीमीटर घेऊन बसलेल्या वायरमनला तो आलेख कोणी दाखवलेला नसतो. ज्ञानाचे हे दोन तुकडे एकाच शहरात, एकमेकांपासून काही किलोमीटरवर, आयुष्यभर अनोळखी राहतात.

दुसरा खोडसाळपणा टायरांचा. ट्रकला मूळ 295/80 आर 22.5 मापाचे टायर असतात. मालक 315/80 चढवतो. कारणे सांगितली जातात ती अशी: खड्ड्यांतून तळ घासत नाही, भार जास्त पेलतो, रुबाब दिसतो. शेवटचे कारण बहुधा सर्वांत खरे असते आणि मधले सर्वांत घातक. गणित कोणीही करू शकेल. रिम 22.5 इंच म्हणजे 571.5 मिलिमीटर. पहिल्या टायरची एका बाजूची उंची 295 च्या 80 टक्के, म्हणजे 236. दोन्ही बाजू धरून व्यास 1043.5 मिलिमीटर. दुसऱ्याचा 1075.5. फरक 32 मिलिमीटर, सुमारे तीन टक्के.

ताशी 60 किलोमीटर वेगाला लहान टायरचे शंभरदाती कडे सेकंदाला स्थूलमानाने 508 स्पंदने देते, मोठ्या टायरचे 493. सगळीच चाके बदलली तर ए.बी.एस. फारसे फसत नाही, कारण ते चाकांची तुलना आपापसांत करते; फसतो तो वेगदर्शक. गिअरबॉक्सच्या फेऱ्या मोजून 80 ला रोखणारा वेगमर्यादक प्रत्यक्षात 82.5 पर्यंत गाडी जाऊ देतो, आणि त्याचे सील मात्र शाबूत असते. परंतु पैसे वाचवण्यासाठी फक्त मागचे टायर मोठे घातले, तर मागची चाके कायम तीन टक्के मंद फिरताना दिसतात. ब्रेकला पाय लागण्यापूर्वीच नियंत्रकाला तीन टक्के घसरण भासते. एवढा फरक चांगला नियंत्रक सामावून घेतो. मात्र त्यात पुढचे टायर झिजलेले, मागचे नवे करकरीत आणि माप आणखी एक पायरी वरचे अशी भर पडली की फरक त्याच्या सहनशक्तीपलीकडे जातो, बिघाडाची नोंद होते आणि पिवळा दिवा लागतो. मग पुन्हा तोच दोन मिनिटांचा उपाय.

ब्रेकचे बलही घटते. ड्रम आणि लायनर तेच, हवेचा दाब तोच, म्हणजे चाकावरचे पीळबल तेच. त्रिज्या वाढली की जमिनीशी मिळणारे रोधक बल त्याच प्रमाणात कमी होते. तीन टक्के म्हणजे ताशी 60 वरून थांबताना, मध्यम जोराच्या ब्रेकला, पाऊण मीटरच्या आसपास. हा आकडा ऐकून मालक हसतात आणि त्यांचे हसणे अगदीच निराधार नाही. पण मोठा टायर चढवला जातो तो वीस टक्के जादा माल भरण्यासाठी. मग त्याच ब्रेकला वीस टक्के जादा वस्तुमान थांबवावे लागते आणि पाऊण मीटरचे सहा-सात मीटर होतात. शिवाय मागच्या डबल टायरांमधली फट अरुंद होते, भाराखाली बाजवा एकमेकींना घासतात, तापतात. टायर फुटला की पोलीस पंचनाम्यात ‘टायर फुटल्याने’ असे लिहिले जाते, जणू तो पावसासारखा आपोआप घडणारा प्रकार आहे.

ट्रकमालकांचा एक युक्तिवाद प्रामाणिकपणे ऐकला पाहिजे. खडीवर आणि मोकळ्या मातीवर ए.बी.एस.मुळे गाडी उशिरा थांबू शकते, असे ते म्हणतात. हे खरे आहे. अडकलेल्या चाकापुढे खडीचा ढिगारा साचतो आणि गाडी रोखतो. फिरते चाक तो साचू देत नाही. पण कांद्याचा ट्रक खाणीत थांबायचा नसतो. तो तुमकूर रस्त्यावर, पावसात, समोर अचानक मोटार आल्यावर थांबायचा असतो, आणि तेथे प्रश्न अंतरापुरता उरत नाही. पुढची चाके अडकली की स्टिअरिंग निकामी होते. मागची अडकली की गाडी आडवी होते. ट्रेलर असेल तर कात्रीसारखा मिटतो.

21 डिसेंबर 2024 रोजी नेलमंगळजवळ एक कंटेनर ट्रक दुभाजक ओलांडून मोटारीवर कलंडला आणि मोटारीतील सहा जणांचा जीव गेला. त्या ट्रकच्या ब्रेकसंबंधी येथे कोणताही आरोप नाही. आठवण करून द्यायची ती त्यानंतरच्या चर्चेची: ती मोटार जगातील सुरक्षित मोटारींपैकी मानली जाते, तरी असे कसे झाले, यावर दिवसेंदिवस लिहिले गेले. वरून पडलेल्या कंटेनरपुढे मोटारीच्या तारांकित गुणांचा उपयोग शून्य असतो. रस्त्यावरच्या जड गाड्या कोणत्या अवस्थेत धावतात, हा प्रश्न त्या गदारोळात फारसा कोणी विचारला नाही.

‘हे तंत्र आपल्याकडे टिकत नाही’ हा विलाप काही भारतीय वैशिष्ट्य नव्हे. अमेरिकेने 1975 मध्ये ट्रकांच्या हवाई ब्रेकसाठी असा नियम आणला, की तो पाळण्यासाठी उत्पादकांना ए.बी.एस. बसवावे लागले. तेव्हाची यंत्रणा कच्ची होती, बिघडत होती, आणि 1978 मध्ये न्यायालयाने त्या सक्तीचा गाभाच रद्द केला. युरोपात 1981 पासून ट्रकांचे सुधारलेले ए.बी.एस. बाजारात आले, 1991 मध्ये तेथे जड वाहनांना ते सक्तीचे झाले. अमेरिकेत सक्ती परतली ती थेट 1997 मध्ये, आणि या वेळी नियमात चालकापुढच्या बिघाडदर्शक दिव्याचीही तरतूद होती. वीस वर्षांच्या ठेचेतून तो पिवळा दिवा आलेला आहे. आपल्याकडे तो फुकट मिळाला, म्हणून बहुधा फुकट घालवला जातो.

कायदा अपुरा आहे असेही नाही. मोटार वाहन कायद्याचे कलम 52 उत्पादकाने ठरवलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल करायला मनाई करते. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2019 मध्ये केरळातील एका प्रकरणात ते ठामपणे सांगितले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने अशा प्रत्येक बदलासाठी पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, अथवा दोन्ही, अशी शिक्षा ठेवली. मालवाहू गाडीच्या नोंदणी अर्जात तर प्रत्येक आसावरील टायरांची संख्या आणि माप लिहून द्यावे लागते. माप कागदावर आहे, माप टायरच्या बाजूवर ठसठशीत छापलेले आहे. दोन्ही वाचायला चष्म्यापलीकडे कोणतेही उपकरण लागत नाही. उत्पादकाने स्वतः दोन मापांना मान्यता दिली असेल तर तेही कागदावर असते, आणि माप बदलताना नियंत्रकातील आकडा टूल लावून बदलून घेता येतो.

खरी पोकळी पासिंगमध्ये आहे. स्वयंचलित तपासणी केंद्रांचा मोठा गाजावाजा झाला. मानवी लबाडीपेक्षा यंत्र बरे, हे तत्त्व योग्यच. पण रोलरवरील ब्रेक चाचणी ताशी जेमतेम काही किलोमीटर वेगाने होते, आणि इतक्या कमी वेगाला ए.बी.एस. मुळात कामच करत नाही. रोलर ब्रेकचे बल मोजतो, डाव्या-उजव्यातील फरक मोजतो. सेन्सर मेला आहे की जिवंत, हे तो सांगू शकत नाही. उरतो तो दिवा, जो आधीच विझवलेला असतो. म्हणजे सक्तीची यंत्रणा बंद ठेवलेला ट्रक अत्याधुनिक केंद्रातून निर्दोष ठरून बाहेर पडू शकतो.

त्यावर उपाय महागडा नाही. किल्ली फिरवताच दिवा लागला पाहिजे. न लागल्यास गाडी तेथेच नापास. मग केंद्राच्या आवारात ती ताशी पंधराने पन्नास मीटर चालवावी, दिवा विझला पाहिजे. डायग्नोस्टिक सॉकेटला टूल लावून साठलेले बिघाडाचे संकेत वाचावेत आणि प्रत्येक चाकाचा वेग पडद्यावर एकमेकांशी जुळतो का ते पाहावे. मागच्या आसाचा आकडा सातत्याने कमी दिसला तर खाली वाकून टायरचे माप वाचावे. या सगळ्याला दहा मिनिटे पुरतात. दुचाकींचा मसुदा काढणाऱ्या मंत्रालयाने ही दहा मिनिटे अजून कोणत्याही केंद्राच्या फलकावर लिहिलेली नसतील, तर येत्या काळात कोट्यवधी दुचाकींवर बसणारे सेन्सर कोण तपासणार, याचे उत्तर त्याने मसुद्यासोबतच द्यायला हवे.