अकरा महिन्यांची नर्स

मी मॅट्रिक झालेला गोदी कामगार. कविता करतो, पोटासाठी गोणी उचलतो. डॉक्टरकीवर तू कशाला बोलतोस, असं कुणी विचारील. बोलतो, कारण सरकारी दवाखान्यात मरायला आम्हीच जातो आणि आता तिथं शिकायलाही आमचीच पोरं चाललीत.

खानदेशात सरकारी मेडिकल कॉलेज आधी एकच, धुळ्याचं, 1988 चं. जळगावला 2018 साली निघालं, 100 जागांचं, जिल्हा रुग्णालयाला जोडून. 2020 ला नंदुरबार. देशात 2014 च्या आधी एमबीबीएसच्या जागा 51,348 होत्या, आता लाखाच्या वर गेल्यात.

जागा वाढल्या की मेरिटवाल्यांच्या पोटात दुखतं. म्हणे दर्जा घसरला! पैसे मोजून सीट घेणाऱ्याचा दर्जा कुणी काढत नाही. जागा वाढल्याच पाहिजेत. आमचं भांडण वेगळं आहे.

गोदीत नवा माणूस आला की टोळीतला जुना त्याला गोण पाठीवर कशी घ्यायची ते शिकवतो. दहा नव्यांमागं एक जुना असला तर कंबर मोडणारच. दवाखान्यात मोडते ती पेशंटची. 2025 साली सीबीआयनं गुन्हा नोंदवला. आरोप काय, तर तपासणीच्या दिवशी मेडिकल कॉलेजांत खोटे प्राध्यापक उभे केले, खोटे पेशंट झोपवले. पोरांची फी मात्र खरी!

माझी बहीण धुळ्याकडं एका खाजगी कॉलेजात नर्सिंग शिकली. एका खाटेभोवती तीस पोरी. सलाईन लावताना तिनं मागच्या रांगेतून पाह्यलं. पहिली शीर शोधली ती नोकरीवर, एका म्हातारीच्या हातावर. तीनदा टोचलं. म्हातारी काही बोलली नाही. बहीण घरी येऊन रडली.

नोकरी आहे, अकरा महिन्यांच्या करारावर. माय विचारते, "कायमनी शे का व?" बहीण गप्प. 2023 साली राष्ट्रीय आरोग्य अभियानातल्या कंत्राटी लोकांनी राज्यभर संप केला, तो याच 'कायम'साठी. हे गणित मला गोदीनं शिकवलंय. बोट एक आणि गेटवर माणसं शंभर, की मुकादम म्हणेल ती मजुरी.

म्हणून दोस्तहो, नुसती सीट मागू नका. सीटमागं शिकवणारा मागा, हात बसायला खाट मागा, कायमचं पद मागा. नाहीतर डिग्री भिंतीवर लटकेल आणि आपण पुन्हा गेटवरच उभे.