गाळप परवाना देण्याआधी : साखर आयुक्तांना खुले पत्र

मा. साखर आयुक्त,
महाराष्ट्र राज्य, साखर संकुल, पुणे.

महोदय,

गर्भाशयाच्या शस्त्रक्रियांविषयीचे हे पत्र आरोग्य खात्याऐवजी आपल्याकडे कसे, असा प्रश्न आपल्याला पडेल. मी बीड जिल्ह्यात स्त्रीरोगतज्ज्ञ म्हणून काम करते. ऊसतोडीला जाणाऱ्या बायकांच्या बाबतीत पिशवी काढायचा निर्णय दवाखान्यात येण्याआधीच फडात झालेला असतो, अशी माझी खात्री झाली आहे. फडात आरोग्य खात्याचे काही चालत नाही. तिथे चालते ते कारखान्याचे, आणि कारखान्याला गाळप परवाना आपण देता.

२०१९ साली या शस्त्रक्रियांची चौकशी करणाऱ्या नीलम गोऱ्हे यांच्या समितीपुढे आलेले आकडे आपल्याला ठाऊक असतील. बीड जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड महिलांच्या पाहणीत १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली, म्हणजे साधारण सहांमागे एक. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांमध्ये देशभराचे हेच प्रमाण तीन टक्क्यांच्या आसपास आहे. दोन्ही पाहण्यांचे वयोगट तंतोतंत जुळत नसतील, पण एवढी तफावत वयाने भरून निघत नाही. चाळिशीही न गाठलेल्या कितीतरी जणी त्यात आहेत.

या बायका ओपीडीत येतात तेव्हा तक्रार बहुधा साधी असते. अंगावरून पांढरे जाते, कंबर धरते, ओटीपोटात दुखते. बऱ्याचदा तो जंतुसंसर्ग असतो. नवरा-बायको दोघांनी गोळ्यांचा कोर्स पुरा केला तर बरा होतो. पण ती परत जाते कुठे? उसाच्या रानाकडेच्या कोपीत. पहाटे तीनला उठून भाकरी थापायच्या, उजाडायच्या आत फडात उतरायचे. पाचट काढायचे, मोळ्या बांधायच्या, आणि वीस किलोच्या वरची मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकवर चढवायची. पाळी असली तरी यातले काही चुकत नाही. कापड बदलायला आडोसा नाही, धुवायला पाणी नाही, उन्हात वाळत घालायला जागा नाही. ओलसर कापड तसेच पुन्हा घ्यायचे. महिनाभरात संसर्ग परत. तपासणीला यावे तर खाडा पडतो आणि त्याचे पाचशेच्या घरातले पैसे मुकादम उचलीतून कापतो. उचल लाखाच्या घरातली, तीही नवऱ्याच्या नावावर. मग दोन-तीन हंगाम असे काढलेली बाई समोर बसून म्हणते, “मॅडम, पिशवीच काढून टाका, कटकटच नको मागं.”

इथे माझ्या व्यवसायाचा गुन्हा आहे आणि तो मी झाकणार नाही. एका सोनोग्राफीवर ‘कॅन्सर होईल’ अशी भीती घालून शस्त्रक्रिया उरकणारे डॉक्टर या भागात होते आणि आहेत. पिशवीसोबत बीजकोषही काढले तर तिशीतल्या बाईला अकाली रजोनिवृत्ती येते, हाडे ठिसूळ होतात, अंगाची लाहीलाही सुरू होते, आणि शस्त्रक्रियेचे कर्ज फेडायला ती महिन्याभरात पुन्हा मोळी उचलते. समीरा कोहली प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये स्पष्ट सांगितले आहे की, धोके आणि दुसरे उपाय समजावून, रुग्णाने स्वेच्छेने दिलेली संमतीच खरी संमती. धोके मी समजावू शकते. दुसरे उपाय सांगू शकते. पण एका दिवसाच्या आजारपणाचा दंड भरावा लागणाऱ्या बाईची स्वेच्छा मी कुठून आणू? माझ्या टेबलावर ती अंगठा उठवते तेव्हा तिच्यापुढचे बाकीचे सगळे रस्ते आधीच बंद झालेले असतात.

सरकारने काहीच केले नाही असे नाही. बीडमध्ये खासगी रुग्णालयांना गर्भाशय काढण्यापूर्वी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी सक्तीची झाली. अनावश्यक शस्त्रक्रिया रोखण्याच्या मार्गदर्शक सूचना तीन महिन्यांत लागू करा, असा आदेश एप्रिल २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राज्यांना दिला. हे हवेच होते. पण हे सारे दवाखान्याच्या दारावरचे पहारे आहेत. परवानगी नाकारली म्हणून कोपीजवळ पाणी येत नाही. बाई दुखणे घेऊन तशीच फडात जाते, नाहीतर शस्त्रक्रियेसाठी शेजारच्या जिल्ह्यात.

कारखान्यांचे उत्तर मला पाठ आहे: हे आमचे कामगार नाहीत, आमचा करार तोडणी-वाहतूक ठेकेदाराशी आहे. कागदोपत्री ते खरेही असेल. पण तोडीचा कार्यक्रम कारखाना ठरवतो, उचलीचा पैसा कारखान्यातूनच निघतो, आणि तोडलेला ऊस कारखान्याच्याच गव्हाणीत पडतो. चौदा दिवसांत उसाचा रास्त दर (एफआरपी) न देणाऱ्या कारखान्यांचे परवाने आपल्या कार्यालयाने अडवले आहेत, जप्तीचे आदेशही काढले आहेत. शेतकऱ्यासाठी हा अधिकार वापरला, ते योग्यच झाले. तोच अधिकार ऊस तोडणारीसाठी का वापरला जाऊ नये, हे मला कोणी समजावून सांगितलेले नाही.

गोपीनाथ मुंडे यांच्या नावाच्या ऊसतोड कामगार महामंडळासाठी टनामागे दहा रुपये कारखान्यांकडून घ्यायचे आणि तेवढेच सरकारने घालायचे, असे ठरले आहे. तेव्हा पैशाचा मार्गही आहे. या निधीतून पाळीच्या आणि आजारपणाच्या दिवसांची भरपाई द्या, म्हणजे खाड्याची कपात करायला मुकादमाकडेही सबब उरणार नाही.

माझी मागणी यंदाच्या हंगामापुरती आणि नेमकी आहे. दसऱ्यानंतर टोळ्या निघायच्या आत परवान्याच्या अटींमध्ये एवढे घाला: कोप्यांच्या प्रत्येक तळावर पाण्याची टाकी आणि बायकांसाठी दाराचे शौचालय, टोळीच्या यादीत बाईचे नाव स्वतंत्र, आणि खाड्याची कपात केल्याचे आढळल्यास जबाबदारी कारखान्याची. हंगाम सुरू झाल्यावर तळांची पाहणी आपल्या प्रादेशिक सहसंचालकांनी करावी. त्या पाहणीत एक स्त्री डॉक्टर लागेल. बीडहून मी यायला तयार आहे आणि माझ्यासारख्या आणखी काही जणी येतील. कोणत्या तळापासून सुरुवात करायची, ते आपण कळवावे.

आपली,
बीड जिल्ह्यातील एक स्त्रीरोगतज्ज्ञ