स्पेशालिस्टने काय ठरवलं, हे फॅमिली डॉक्टरला कोण कळवणार? नियम काय सांगतो?

सोलापूरच्या दवाखान्यांत फक्त सोलापूरकर येत नाहीत. अक्कलकोट, मंगळवेढा, शेजारचं तुळजापूर, अगदी कर्नाटकातूनही पेशंट इथे मोठ्या डॉक्टरांना दाखवायला येतात. तपासणी होते, चिठ्ठी मिळते आणि पेशंट गावी परततो. पुढे त्याचं बीपी, शुगर बघणार गावातले फॅमिली डॉक्टर. त्यांच्यापर्यंत पोहोचते ती फक्त चिठ्ठी, तीही पेशंटने जपून ठेवली तर.

अडचण कुठे होते?

चिठ्ठीवर नवी औषधं असतात. जुनं कोणतं बंद केलं, डोस का बदलला, हे अनेकदा नसतं. मग बीपीचं एकच औषध दोन कंपन्यांच्या नावांनी सुरू राहू शकतं. किडनी कमजोर असल्याचं माहीत नसेल, तर गुडघेदुखीसाठी डायक्लोफेनॅक दिली जाते आणि किडनीचं दुखणं वाढू शकतं. स्टेंट टाकलेल्या पेशंटची रक्त पातळ करणारी गोळी दात काढायच्या आधी परस्पर थांबवली, तर जिवावर बेतू शकतं.

नियम आहे का?

आहे. भारतीय वैद्यक परिषदेच्या 2002 च्या आचारसंहितेतलं कलम 3.6 सांगतं की, पेशंटला स्पेशालिस्टकडे पाठवताना डॉक्टरांनी केसचा सारांश द्यावा आणि स्पेशालिस्टने आपलं मत त्या डॉक्टरांना लेखी कळवावं. ऑगस्ट 2023 मध्ये नवी नियमावली आली, पण त्याच महिन्यात ती स्थगित झाली आणि 2002 चेच नियम पुन्हा लागू झाले.

मग पत्र का जात नाही?

एक तर ओपीडीची गर्दी. दुसरं, अनेक पेशंट फॅमिली डॉक्टरला न विचारता थेट मोठ्या दवाखान्यात जातात. मग स्पेशालिस्टने पत्र लिहायचं कुणाला? शिवाय कलमात मुदतच नाही. ब्रिटनमध्ये सरकारी आरोग्य सेवेच्या करारानुसार ओपीडीचं पत्र 7 दिवसांत फॅमिली डॉक्टरकडे जावं लागतं.

14 अंकी आभा क्रमांकामुळे पेशंटच्या संमतीने कागद ऑनलाइन पाठवता येतात. पण मूळ चिठ्ठीच अर्धवट असेल, तर ऑनलाइनही अर्धवटच जाणार.

तुम्ही काय करू शकता?

• जाताना फॅमिली डॉक्टरची चिठ्ठी आणि सुरू असलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं न्या.
• निघण्याआधी तीन गोष्टी लिहून मागा: आजार काय, कोणतं औषध बंद, पुढची तपासणी कधी.
• रेकॉर्ड मागितलं तर 72 तासांत द्यावं, असंही हेच नियम सांगतात.
• गावी आल्यावर नवी गोळी सुरू करताना फॅमिली डॉक्टरला कागद दाखवा.

दोन डॉक्टरांमधला निरोप पोहोचवण्याचं काम आज पेशंटच करतोय. निदान तो निरोप कागदावर लिहून मिळावा, एवढा आग्रह तरी धरायलाच हवा.