वॉर्ड सगळं शिकवत नाही

दहा-पंधरा वर्षे रुग्णालयात काम केलेल्या आहारतज्ज्ञाने पुन्हा पोषणशास्त्राच्या पदव्युत्तर वर्गात जाऊन बसावे, हे या व्यवसायातल्या एका अनुभवी गृहस्थांना मुळीच मान्य नाही. त्यांचे म्हणणे असे, की आहार ही करून शिकायची विद्या आहे. हजारो रुग्णांच्या खाटेशी उभे राहून जे कळते ते पुस्तकात सापडत नाही. एम.एस्सी. म्हणजे दोन वर्षांचा पगार बुडवून आणलेला कागद. अभ्यासक्रम जुने, शिकवणाऱ्यांना वॉर्डाची माहिती नाही. आणि अमेरिकेने नियम केला म्हणून आपण धावत सुटायचे कारण नाही. म्हणजे हाताला वळण लागले की डोक्याचे काम संपले! हे मत ऐकायला गोड लागते, कारण त्यात कष्टांचा मान राखल्यासारखा वाटतो. प्रत्यक्षात ते आहारतज्ज्ञाला जन्मभर तक्ते लिहिणारा कारकून करून ठेवते.

अमेरिकेचा मुद्दा फार वेळ घेणारा नाही. १ जानेवारी २०२४ पासून तिथे नोंदणीच्या परीक्षेला बसणाऱ्या नव्या उमेदवाराला पदव्युत्तर पदवी लागते. आधी नोंदणी झालेल्यांना ती अट नाही. आपल्याकडे २०२१च्या केंद्रीय कायद्याने आहारतज्ज्ञाला आरोग्यसेवा व्यावसायिकांत जागा दिली, त्यासाठी किमान ३६०० तासांची पदवी धरली, एम.एस्सी. नव्हे. सक्तीचा बागुलबुवा उभा करून अभ्यासालाच विरोध करणे बरोबर नाही.

खरा वाद अनुभवाचा आहे. अनुभव शिकवतो, पण चूक लगेच समोर येते तिथे. आमटीत मीठ जास्त पडले तर पहिल्याच घासाला कळते. सलाईन लावताना शीर हुकली तर परिचारिकेला तत्क्षणी दिसते, आणि म्हणून शंभराव्या वेळी तिचा हात चुकत नाही. आहाराचे तसे नाही. रुग्ण पाचव्या दिवशी डिस्चार्ज घेतो, हातात आहाराचा कागद घेऊन घरी जातो, आणि तो कागद फ्रीजवर चिकटतो की औषधांच्या पिशवीत चुरगळतो हे सांगायला कोणी परत येत नाही. ज्यांना बरे वाटले ते ओपीडीत येऊन आभार मानतात, म्हणून तेवढेच लक्षात राहतात. न आलेले सगळे बरे झाले, असे मन परस्पर धरून चालते. चार दिवसांत वजन उतरले ते पथ्याने, की लघवी वाढवणाऱ्या गोळीने अंगावरची सूज ओसरल्यामुळे? साखर खाली आली ती भात कमी केल्याने, की त्याच आठवड्यात डॉक्टरांनी इन्सुलिन वाढवल्याने? खाटेशी उभे राहून याचे उत्तर मिळत नाही, वीस वर्षे उभे राहिले तरी. मूत्रपिंडाच्या रुग्णाला प्रथिने किती कमी करायची, याचा बरा-वाईट परिणाम कळायला काही वर्षे जातात. तोवर तो रुग्ण दुसऱ्या रुग्णालयात डायलिसिसवर असतो आणि पहिल्या आहारतज्ज्ञाला त्याचा पत्ताही नसतो. अशा कामात अनुभवाने आत्मविश्वास नक्की वाढतो. ज्ञान वाढले की नाही, हे वेगळ्या रीतीने तपासावे लागते.

ती रीत किती आवश्यक आहे, हे बीटा-कॅरोटीनच्या प्रकरणाने दाखवून दिले. भाज्या आणि फळे भरपूर खाणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग कमी दिसत होता, त्यांच्या रक्तात बीटा-कॅरोटीन जास्त सापडत होते. तेव्हा धूम्रपान करणाऱ्यांना ते गोळीतून द्यावे, हा तर्क कोणत्याही शहाण्या माणसाला पटला असता. फिनलंडमध्ये २९ हजारांहून अधिक धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवर तो तपासला गेला. १९९४ साली निष्कर्ष आला तो असा, की ही गोळी घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग १८ टक्क्यांनी जास्त होता. गोळी देणाऱ्या एकाही डॉक्टरला हे आपल्या खोलीत बसून दिसले नसते. समोरच्या माणसाला कर्करोग झाला तर तो विडीने झाला, असेच कोणीही म्हणाले असते, आणि त्यात चूकही नव्हती.

वॉर्डाच्या अधिक जवळचे उदाहरण हवे असेल तर अतिदक्षता विभागाचे घ्या. अत्यवस्थ रुग्णाला लवकरात लवकर पूर्ण पोषण पोचवावे, गरज पडली तर शिरेतून, ही समजूत माणुसकीतूनच आली होती. बेल्जियममध्ये ४६४० रुग्णांवर झालेल्या आणि २०११ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, शिरेतले पोषण आठवडाभर लांबवलेल्यांना संसर्ग कमी झाले आणि ते विभागातून लवकर बाहेर आले. हे एवढेच वाचले तर आहारतज्ज्ञाने हात बांधून बसावे, असे वाटेल. पण २०१९ साली स्वित्झर्लंडमधून आलेल्या अभ्यासात, साध्या वॉर्डातल्या कुपोषणाचा धोका असलेल्या दोन हजारांवर रुग्णांपैकी निम्म्यांना प्रत्येकाच्या गरजेनुसार आहार दिला, तेव्हा तीस दिवसांतले मृत्यू त्यांच्यात ७ टक्के आणि उरलेल्यांत १० टक्के झाले. दोन्ही निष्कर्ष खरे आहेत. कोणते रुग्ण, आजाराची कोणती अवस्था, अन्न नळीतून की शिरेतून, तुलना कशाशी, हे प्रश्न विचारता आले तरच दोन्ही एकत्र वाचता येतात. हे विचारायला पदव्युत्तर अभ्यासात शिकवतात. पदविकेच्या एका वर्षात त्याला वेळच नसतो. आणि राउंडमध्ये डॉक्टरांसमोर आपले म्हणणे टिकवायचे, तर दुसरे हत्यार आहारतज्ज्ञापाशी नाही.

या वादाला जुनी मुळे आहेत. मुली गृहविज्ञान शिकतात म्हणजे कॉलेजात जाऊन स्वयंपाक शिकतात, हे वाक्य या महाराष्ट्रात दोन-तीन पिढ्यांनी ऐकले. त्या वाक्याला उत्तर देत देतच आहारशास्त्र रुग्णालयात पोचले. आता तिथवर पोचलेल्यांपैकीच कोणी म्हणू लागले, की याला फार शिकावे लागत नाही, तर त्या जुन्या कुचेष्टेला घरातूनच साक्षीदार मिळतो. मला याचीच चीड अधिक येते.

फार शिकावे लागत नाही म्हणणाऱ्यांनी एक उदाहरण पाहावे. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२० साली पोषकांच्या गरजांचे आकडे नव्याने मांडले. प्रौढ स्त्रीसाठी लोहाची शिफारस रोज २९ मिलिग्रॅम, पण सरासरी गरज १५ मिलिग्रॅम. पहिला आकडा जवळजवळ सर्वांना पुरेल असा असतो. वसतिगृहातल्या किती मुलींना लोह कमी पडते हे मोजताना दुसरा वापरायचा असतो. पहिलाच वापरला तर जवळजवळ सगळे वसतिगृह उपाशी ठरते. जुन्या पदवीच्या वह्यांत ही फोड क्वचितच सापडेल, आणि अनुभवाने ती उमजण्याची वाटच नाही.

अभ्यासक्रम जुने आहेत, हा आक्षेप पुष्कळ ठिकाणी खरा आहे. पण वॉर्डात दहा वर्षे घालवलेले विद्यार्थी वर्गात आल्याशिवाय ते बदलणारही नाहीत. पगाराचे म्हणाल तर नोकरी न सोडता शिकण्याची सोय करता येते. इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाने २०२५पर्यंत आहारशास्त्राची एम.एस्सी. दूरशिक्षणाने खुली ठेवली होती. आता विद्यापीठांना शनिवार-रविवारचे वर्ग काढायला हरकत नसावी. एम.एस्सी.ने पगार वाढेलच, असे मात्र मी म्हणणार नाही.

माझे मागणे एवढेच, की नोकरीतल्या विद्यार्थ्याचा लघुप्रबंध त्याच्याच वॉर्डातून यावा. विषय शोधायला दूर जावे लागणार नाही. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०१७च्या कोष्टकांत ५२८ पदार्थ आहेत, पण बहुतेक कच्चे. तव्यावरची ज्वारीची भाकरी, पिठले, आमटी यांचा हिशेब ज्याने त्याने मांडायचा असतो, आणि एकाच्या भाकरीचे वजन दुसऱ्याच्या भाकरीशी जुळत नाही. एका आहारतज्ज्ञाने आपल्या तालुक्यातल्या पन्नास घरांतल्या भाकऱ्या तराजूवर ठेवल्या, दुसऱ्याने डिस्चार्जचा कागद घेऊन गेलेल्या शंभर मधुमेहींना तीन महिन्यांनी फोन करून काल काय जेवलात एवढे नीट विचारले, न सापडलेल्यांचीही मोजदाद ठेवली, आणि मिळालेल्या उत्तरांनुसार आपल्या रुग्णालयाचा छापील तक्ता बदलून घेतला, तर दोन वर्षांच्या फीचा मोबदला पुढच्याच रुग्णाच्या हातात पडेल.