मैदान कोर्टात हरतं तेव्हा

प्रत्येक शहरात असा एक प्लॉट असतोच. गंजलेल्या पत्र्याच्या बोर्डावर ‘खेळाच्या मैदानासाठी आरक्षित’ असं पुसट लिहिलेलं, एका कोपऱ्यात डेब्रिजचा ढीग आणि उरलेल्या जागेत रोज संध्याकाळी टेनिस बॉलची मॅच. जागा आरक्षित आहे म्हणजे ती आपलीच, असं आपण धरून चालतो. आज ना उद्या महापालिका कंपाउंड घालेल, लाइट लावेल. मग एके दिवशी बोर्ड गायब होतो, चारही बाजूंनी पत्रे लागतात आणि आत पायलिंगचं मशीन येतं. कट्ट्यावर एकच निष्कर्ष निघतो, ‘सेटिंग झालं.’

सेटिंग होतही असेल. पण कधी कधी कारण त्याहून साधं असतं. कायद्यातली मुदत उलटून गेलेली असते आणि ती मोजायला कुणी बसलेलंच नसतं.

ही मुदत कुठली, ते आधी बघू. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६, म्हणजे सगळे ज्याला एमआरटीपी म्हणतात तो कायदा. शहराच्या विकास आराखड्यात मैदान, शाळा, वाचनालय, बाग यांच्यासाठी जागा आरक्षित होतात त्या याच कायद्याखाली. त्यातलं कलम १२७ असं सांगतं : अंतिम आराखडा लागू झाल्यापासून १० वर्षांत ती जागा घेतली नाही, तर जमीनमालक नोटीस देऊ शकतो. ‘पर्चेस नोटीस’ म्हणतात तिला. नोटीस मिळाल्यावर ठरलेल्या मुदतीत जागा घेतली नाही किंवा भूसंपादनाची पावलं उचलली नाहीत, तर आरक्षण संपतं. सरकारी भाषेत ‘व्यपगत’ होतं. मालकाच्या बाजूने पाहिलं तर हे योग्यच आहे. कुणाची जमीन वर्षानुवर्षं नुसती अडवून ठेवायची आणि पैसेही द्यायचे नाहीत, हे कसं चालेल? पण याचाच दुसरा अर्थ असा, की नोटीस आली त्या दिवसापासून शहराच्या मैदानाचं घड्याळ सुरू होतं.

आता गंमत बघा. ही मुदत मूळ कायद्यात ६ महिने होती. २००९ मध्ये ती १२ महिने झाली आणि २०१५ मध्ये २४ महिने. ‘पावलं उचलली’ म्हणजे नेमकं काय, यावरही सुप्रीम कोर्टापर्यंत लढाया झाल्या. २००७ च्या गिरनार ट्रेडर्स खटल्यात कोर्टाच्या बहुमताने सांगितलं, की नुसता ठराव केला आणि राज्य सरकारकडे प्रस्ताव पाठवला म्हणजे संपादनाचं पाऊल पडलं असं होत नाही. पुढे १८९४ चा भूसंपादन कायदाच गेला आणि १ जानेवारी २०१४ पासून नवा कायदा लागू झाला. म्हणजे १९९५ साली एलएलबी झालेल्या वकिलाने जे शिकलं त्यातली मुदत बदलली, ‘पावलं’ या शब्दाचा अर्थ पक्का झाला आणि भूसंपादनाचा कायदाही बदलला. त्याने मधल्या काळात पुन्हा अभ्यास केला असेल तर ठीक. नसेल तर?

याच ‘नसेल तर’बद्दल आज लिहायचं आहे. महापालिका, नगरपालिका, जिल्हा परिषद आणि ग्रामपंचायत यांची बाजू कोर्टात मांडणाऱ्या वकिलांना वकिली सुरू झाल्यावर पुन्हा शिकावं लागतं का? लागायला हवं का?

सुरुवात आहे तिथून करू. आपल्याकडे लॉची डिग्री घेतली, सनद मिळाली, ऑल इंडिया बार एक्झाम पास झाली, की परीक्षा संपल्या. त्यानंतर दरवर्षी अमुक तास शिकलंच पाहिजे, असं देशभरातल्या सगळ्या वकिलांना लागू असलेलं बंधन नाही. आता शेजारच्या प्रोफेशन्सकडे पाहा. महाराष्ट्रातल्या डॉक्टरांना नोंदणी टिकवायला ५ वर्षांत ३० क्रेडिट पॉइंट मिळवावे लागतात. प्रॅक्टिस करणाऱ्या सीएंना ३ वर्षांत १२० तासांचं शिक्षण पूर्ण करावं लागतं. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने शिक्षकांसाठीही वर्षाला किमान ५० तासांची अपेक्षा ठेवली आहे. म्हणजे आपल्याला टोचणारा, आपला टॅक्स भरणारा आणि आपल्याला शिकवणारा, तिघांनीही शिकत राहायचं. शहराची केस लढणाऱ्याने मात्र स्वतःला वाटलं तर.

‘मन लावून काम करणारा वकील वाचतोच की,’ असं कुणी म्हणेल. खरं आहे. पण महापालिकेच्या वकिलाच्या टेबलावर काय काय येतं ते बघा. अनधिकृत बांधकाम, मालमत्ता कराचा वाद, कंत्राटदाराचं बिल, सफाई कामगारांचा औद्योगिक न्यायालयातला दावा, झाडं तोडण्यावरची याचिका, फेरीवाल्यांचा २०१४ चा कायदा, घनकचऱ्याचे नियम आणि भटक्या कुत्र्यांच्या नसबंदीचे २०२३ चे नियम. खासगी वकील एखादा विषय धरून त्यात मुरतो. इथे सकाळी जमीन आणि दुपारी कुत्री! या सगळ्यात अप टू डेट राहणं एकट्याच्या हौसेवर सोडून कसं चालेल?

इंटर्नशिपमध्ये एका महापालिकेच्या विधी विभागात दोन दुपारी बसायची संधी मिळाली. कपाटात महापालिका कायद्याची जुनी प्रत होती. तीच, जिच्या कव्हरवर अजून ‘मुंबई प्रांतिक’ असं नाव आहे. कायद्याचं नाव बदलून तो ‘महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम’ झाल्याला बरीच वर्षं झाली. पण आत दुरुस्त्यांच्या चिठ्ठ्या नीट कापून, डिंकाने चिकटवलेल्या होत्या. कुणीतरी मनापासून केलेलं काम होतं ते. शेवटची चिठ्ठी मात्र पिवळी पडली होती. तिथल्या अधिकाऱ्यांना वाचायचं नव्हतं असं अजिबात नाही. सकाळी कोर्ट, दुपारी मीटिंग, संध्याकाळी उद्याच्या बोर्डावरच्या फायली. यातून वेळ काढायचा कधी, हा त्यांचा प्रश्न होता आणि तो खोटा नव्हता.

आणि बदल काही थांबत नाहीत. ताजं उदाहरण घ्या. १३ नोव्हेंबर २०२४ रोजी न्या. भूषण गवई आणि न्या. के. व्ही. विश्वनाथन यांच्या खंडपीठाने ‘बुलडोझर’ प्रकरणी निकाल दिला. बांधकाम पाडण्यापूर्वी किमान १५ दिवसांची नोटीस हवी. ती रजिस्टर पोस्टाने पाठवायची, शिवाय बांधकामावर चिकटवायची. म्हणणं ऐकून घ्यायचं, कारणांसह आदेश द्यायचा, त्यानंतर पुन्हा १५ दिवस थांबायचं आणि पाडकामाचं व्हिडिओ शूटिंग करायचं. रस्ता, फुटपाथ, नदीपात्र अशा सार्वजनिक जागांवरच्या अतिक्रमणांना हे निर्देश लागू नाहीत. नियम मोडला तर अधिकाऱ्याला स्वतःच्या खिशातून भरपाई द्यावी लागू शकते.

आता त्या व्हिडिओचं काय होतं बघा. उद्या कोर्टात तो पुरावा म्हणून दाखवायचा, तर १ जुलै २०२४ पासून जुना पुरावा कायदा राहिलेला नाही. त्याच्या जागी भारतीय साक्ष्य अधिनियम आला. त्यातल्या कलम ६३ प्रमाणे इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत प्रमाणपत्र लागतं. त्याचे दोन भाग असतात, दुसरा भाग तज्ज्ञाने भरायचा आणि फाइलची हॅश व्हॅल्यूही लिहायची. म्हणजे एका निकालाने शूटिंग करायला सांगितलं आणि दुसऱ्या कायद्याने ते कोर्टात कसं द्यायचं ते बदललं. हे दोन्ही पाच महिन्यांच्या आत घडलं. वॉर्ड ऑफिसमधल्या ज्युनियर इंजिनिअरने मोबाइलवर शूट केलं, व्हॉट्सअ‍ॅपवर फॉरवर्ड केलं आणि मूळ क्लिप डिलीट केली, तर केस तिथेच लंगडी झाली. हे त्या इंजिनिअरला आधी सांगणार कोण? वकील. आणि वकिलाला?

यात हरतो कोण, तेही समजून घेऊ. नोटीस चुकीची निघाली की दोन गोष्टी घडू शकतात. ज्याचं घर बेकायदा नव्हतं त्याचं घर जातं, किंवा ज्याचं खरंच बेकायदा होतं तो तांत्रिक मुद्द्यावर सुटतो. दोन्हींचा खर्च पालिकेच्या तिजोरीतून होतो. म्हणजे आपल्याच.

बाहेरच्या देशांत हा प्रश्न जुना आहे. अमेरिकेत मिनेसोटा आणि आयोवा या राज्यांनी १९७५ मध्ये वकिलांसाठी सक्तीचं निरंतर शिक्षण सुरू केलं. कॅलिफोर्नियात आज ३ वर्षांत २५ तास पूर्ण करावे लागतात. शहरांच्या वकिलांची तर तिथे १९३५ पासून वेगळी संघटना आहे आणि ती खास स्थानिक सरकारच्या कायद्यांवर वर्ग घेते. या गावात जो मुद्दा हरला तो त्या गावात पुन्हा हरू नये, इतकी साधी कल्पना. आपल्या महाराष्ट्रात २९ महापालिका आहेत. मुंबईला १८८८ चा वेगळा कायदा आहे, बाकीच्यांचा कायदा एकच. कलमं तीच, वादही बरेचसे तेच. तरी प्रत्येकीने आपापल्या खर्चाने तीच ठेच खायची?

पण नुसते तास मोजून काम होत नाही, हेही मान्य करायला हवं. इंग्लंडमध्ये सॉलिसिटरना वर्षाला १६ तासांची अट होती. २०१६ मध्ये ती काढून टाकली. त्याऐवजी आपल्या कामात काय कमी पडतं ते वकिलाने स्वतः तपासायचं, ते शिकायचं आणि त्याची नोंद ठेवायची अशी पद्धत आणली. आपल्याला हे वेगळं समजावून सांगायची गरज नाही. ७५ टक्के अटेंडन्सचा नियम असूनही वर्गात काय चालतं, हे आपल्याइतकं कुणाला माहीत असणार? सही केली, चहा-बिस्किटं घेतली, सर्टिफिकेटचा फोटो स्टेटसला टाकला आणि झालं प्रशिक्षण! असं होणार असेल तर ते न केलेलं बरं.

म्हणून आमचं म्हणणं असं. विधी अधिकारी आणि पॅनेलवरचे वकील, दोघांनाही दरवर्षी ठरावीक शिक्षण बंधनकारक करा आणि पॅनेलवरची फेरनेमणूक त्याच्याशी जोडा. शिकवायचे विषय हरलेल्या केसमधून निवडा. प्रत्येक मोठ्या पराभवावर एक पानाचं टिपण तयार व्हावं : का हरलो, कुठली तारीख चुकली, कुठला कागद नव्हता. केस संपली असेल तर ते टिपण वेबसाइटवर टाकायला हरकत काय? या वर्गांत वकिलांच्या शेजारी इंजिनिअर, नगररचनाकार आणि आवक-जावकचा क्लार्क बसायला हवा. कारण पर्चेस नोटीस आधी आवक विभागात येते. तिथे ती तीन महिने फायलीत पडून राहिली, तर जगातला सर्वात हुशार वकीलही ते तीन महिने परत आणू शकत नाही.

आणि लहान गावं विसरू नका. राज्यात जवळपास २८ हजार ग्रामपंचायती आहेत. तिथे विधी विभाग वगैरे काही नसतो. गायरानावरच्या अतिक्रमणाची फाइल ग्रामसेवकच तालुक्याच्या कोर्टात घेऊन जातो आणि मिळेल तो वकील ती चालवतो. पुण्यात यशदा आहे, मुंबईत १९२६ पासून अखिल भारतीय स्थानिक स्वराज्य संस्था आहे, प्रत्येक विभागात लॉ कॉलेजं आहेत. प्रत्येक जिल्ह्यात तीन महिन्यांतून एक शनिवार यासाठी ठरवणं अशक्य आहे का?

फीचा मुद्दाही बोलायला हवा. केसमागे तुटपुंजे पैसे द्यायचे, तेही वर्षभराने, आणि वर ‘स्वतःच्या खर्चाने शिका’ म्हणायचं, हे बरोबर नाही. शिकण्याचा खर्च आणि वेळ पालिकेनेच द्यावा. एका मैदानाच्या किमतीपुढे तो किरकोळ आहे.

आता आपलं काम. आपण लॉचे विद्यार्थी असू किंवा नसू, माहितीचा अधिकार आपल्याला आहे. १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, दीडशे शब्दांच्या आत एकच विषय. आपल्या महापालिकेला किंवा नगरपालिकेला एवढंच विचारा : गेल्या ३ वर्षांत विधी विभाग आणि पॅनेलवरच्या वकिलांसाठी किती प्रशिक्षणं झाली, कोणत्या विषयांवर? दुसरा अर्ज नगररचना विभागाला करा : कलम १२७ च्या किती नोटिसा आल्या, कोणत्या तारखांना आणि किती आरक्षणं व्यपगत झाली? जमलं तर दोन्ही उत्तरं शेजारी ठेवून वाचा. त्यातली बातमी तुम्हालाच सापडेल.

आणि हो, संध्याकाळी मॅचला जाल तेव्हा त्या गंजलेल्या बोर्डावर आरक्षण क्रमांक दिसतोय का बघा. दिसला तर फोटो काढून ठेवा. अर्जात तो लागेल.